सह्याद्री, कोकण आणि आरमाराचे लाकूड

तुम्ही बंगळुरूत शिकत असाल, तर तुमच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी मूळचे सह्याद्रीतले आहे. कावेरी उगम पावते ती कोडगूतील तळकावेरीला. याच बंगळुरूची जहागीर १६३८ नंतर विजापूर दरबाराकडून शहाजीराजांना मिळाली. त्यांच्या पुत्राने मात्र राज्य उभारले ते याच डोंगररांगेच्या उत्तर भागात. तेथे घाट आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणची साधारण ५० ते ८० किलोमीटर रुंदीची पट्टी आहे.

मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, म्हणून कोकणात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. घाट ओलांडून थोडे पूर्वेला गेले की तो काही ठिकाणी ६०० च्याही खाली येतो. तरीही कोकण धान्याचे कोठार झाले नाही. जांभ्या दगडाची जमीन, तीव्र उतार आणि आखूड नद्या यांमुळे पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. भात आणि नाचणी पिकते, पण पुरत नाही. मीठ, मासळी, नारळ मात्र भरपूर. त्यामुळे मीठ घाट चढायचे आणि धान्य घाट उतरायचे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख या वाटेचे जुनेपण सांगतो. घाट ज्याच्या ताब्यात, जकात त्याची. डोंगरी किल्ल्यांवर उत्तर लिहिताना शौर्यापाशीच थांबू नका, जकातही लिहा!

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज समोर असताना आरमाराला लाकूड कमी पडून चालणार नव्हते. पण ते आणायचे कोठून?

रामचंद्रपंत अमात्यांची मानली जाणारी 'आज्ञापत्र' ही रचना (सुमारे १७१५) या प्रश्नाला थेट भिडते. सागवानासारखे लाकूड राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे ती सांगते. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे, परंतु त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. जबरदस्ती अजिबात करू नये. आरमाराची निकड किती होती हे लक्षात ठेवून ही आज्ञा वाचा.