शेतीतील श्रमविभाग आणि दांपत्याचा न्याय

शेती ही नवराबायको दोघांची, असे आपल्या ज्ञातीत सर्वच म्हणतात. परंतु त्या दोघांत कामाची वाटणी कशी होती व ती त्यांना न्याय्य का वाटे, याचा विचार क्वचितच होतो. पाम, बोईसर, तारापूर या पट्टीत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या स्मरणात ती वाटणी अद्याप ताजी असेल.

नांगरणी, चिखलणी, बांधबंदिस्ती व बैलांची निगा ही पुरुषांची कामे. रोप काढणे, आवणी, बेणणी ही बहुतांशी स्त्रियांची. कापणी आणि झोडणी दोघांची. स्त्रीने नांगरास हात लावू नये, असा निर्बंध महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी होता. पुरुषाने आवणीस वाकू नये, असा निर्बंध मात्र नव्हता. अडले म्हणजे तोही वाके.

एकदा मी मातोश्रींना विचारले, "ही वाटणी बरोबर होती का?" त्या म्हणाल्या, "त्यांनी चिखल केला नाही तर मी आवण लावू कुठे? आणि मी लावली नाही तर त्यांचा चिखल काय कामाचा?" वडिलांचेही मत हेच होते. परस्परांवाचून अडणे, हाच त्यांचा न्याय. आणि तो खोटा नव्हता.

परंतु हा हिशेब शेताच्या बांधापाशीच थांबत असे. पावसाळ्यात दोघेही चिखलातून एकदमच घरी येत. वडील ओटीवर टेकत. आई चुलीकडे वळे. पहाटेचे दळण आणि पाणी यांची मोजदाद कोणी केलीच नाही, तिने स्वतःही नाही.

पुढे भातगिरणी आली व कांडप सुटले. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली. पुरुष पाळीवर जाऊ लागले, नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरकडे गेली. आवणी मात्र स्त्रीच्याच कमरेवर राहिली. वर मजूर पाहणे व त्यांची मजुरी चुकती करणे हेही तिच्याकडे आले. जुनी वाटणी मोडली, तरी ती न्याय्य असल्याची समजूत तशीच टिकली.

कायदा पुढे गेला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नीस पतीच्या मालमत्तेत वारस मानले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्या कामांवर स्त्रीपुरुषांस समान मजुरी ठरविली. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी यांच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली.

वडील वारल्यावर वारसनोंदीसाठी मी आईस घेऊन तलाठ्याकडे गेलो. कागद पाहून तिने विचारले, "अरे, इतकी वर्षं माझं नाव नव्हतंच का रे?" मी शिक्षक, दुसऱ्यांच्या मुलांस गणित शिकविले. या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. माझ्या नोकरीच्या काळात शेत सांभाळले ते पत्नीने, आणि सातबारावर नाव होते केवळ माझे.

यंदा तिचे नाव दाखल करण्यासाठी मी अर्ज केला आहे. हे भूषण म्हणून सांगत नाही. विलंबाची कबुली म्हणून सांगतो. ज्ञातिबांधवांनी आपापला सातबारा एकवार काढून पाहावा, आणि तो घरात मोठ्याने वाचावा, एवढीच नम्र विनंती.