वाटाण्याच्या मुळावरच्या गाठी



तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं. का येते, याचा उलगडा मात्र शास्त्रज्ञांना 1886 सालापर्यंत झाला नव्हता.

फ्रान्सच्या बूसँगो यांना 1838 मध्येच दिसलं होतं की वाटाण्यात नत्र वाढतं, गव्हात वाढत नाही. पुढे 1857-58 मध्ये इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट व प्यू यांनी फार काटेकोर प्रयोग केला. माती भाजून घेतली, रोपं काचेखाली ठेवली, आत जाणारी हवासुद्धा धुऊन घेतली. शेंगवर्गीय पिकातही नत्र वाढलं नाही! काटेकोरपणानेच घात केला. माती भाजताना खरा कामकरी जळून गेला होता.

जर्मनीत हेलरीगेल व विलफार्थ यांनी कुंड्यांत नत्र नसलेली वाळू भरली. ओटला जितकं नायट्रेट द्यावं तितकी त्याची वाढ. न दिलं तर रोप पिवळं पडून खुंटे. वाटाणा मात्र लहरी. नत्र न देता एक कुंडी तरारलेली, तर शेजारची उपाशी! तरारलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या. वाळू तापवून घेतली की सगळाच वाटाणा उपाशी. तिच्यात शेतातल्या मातीची थोडी निवळी ओतली की गाठी पुन्हा हजर. निवळी उकळून ओतली तर काही नाही. म्हणजे मातीत काहीतरी जिवंत होतं. हॉलंडच्या बायरिंक यांनी 1888 मध्ये तो जिवाणू वेगळा काढला. आज आपण त्याला रायझोबियम म्हणतो.

आता आपल्या हरभऱ्याकडे या. ज्वारी-गव्हाची मुळं मातीच्या ओलाव्यात विरघळलेलं नत्रच ओढतात. हरभऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या. पण आयतं मिळालं की तो गाठी कमी धरतो. शेजाऱ्याने टाकला म्हणून उभ्या हरभऱ्यात युरिया टाकाल, तर पैसाही जाईल अन् पीक नुसतं पाल्यावर जाईल. पेरताना हेक्टरी 25 किलो नत्र द्या. गाठी धरेपर्यंतची ती शिदोरी. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम चोळा आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. उन्हात ठेवलं तर रोथॅमस्टेडच्या मातीचीच गत!

महिनाभराने एक रोप मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरट वा हिरवट असेल तर नाही.