कोण फितूर आणि काय चुकले? : १९६२ च्या युद्धकाळातील राग, देशप्रेम आणि पक्षभेद



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकविले. इतिहास हा माझा व्यासंगाचा विषय असला तरी व्यवसायाचा नव्हे. त्यामुळे इतिहासाकडे पाहताना माझे लक्ष साहजिकच शब्दांकडे जाते. संकटाच्या वेळी एखादा समाज कोणते शब्द उच्चारतो, यावरून त्या समाजाच्या मनाची परीक्षा होते, असे मला वाटते. आज मी अशाच एका परीक्षेविषयी बोलणार आहे.

पराभवानंतर कोणत्याही समाजाच्या ओठांवर दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न, कोण फितूर झाला? दुसरा, काय चुकले? पहिल्याला उत्तर म्हणून एक नाव पुरते. दुसऱ्याला कष्टाने केलेला अभ्यास लागतो. इंदूरच्या श्रोत्यांना हा भेद उलगडून सांगावा लागू नये. पानिपतच्या संहारानंतर नजीबखानाला पाठीशी घातल्याचा आणि रणांगणातून लवकर पाय काढल्याचा ठपका सुभेदार मल्हारराव होळकरांवर आला, बखरीत शिरला आणि पुढे लोकांच्या बोलण्यात घट्ट रुतून बसला. रसद का तुटली, लढवय्यांबरोबर एवढा बिनलढाऊ परिवार का होता, उत्तरेत मित्र का उरले नाहीत, या प्रश्नांचा त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकारांनी कसोशीने विचार केला. परंतु तोवर दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता.

१९६२ साली हेच दोन प्रश्न पुन्हा आपल्यापुढे उभे राहिले. त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. सुरक्षा निधीसाठी आम्ही मुले डबे घेऊन दारोदार फिरत होतो. आमच्या वाड्यातील स्त्रियांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या भावनेच्या खरेपणाविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. आज विचार करावयाचा आहे तो त्या भावनेतून उसळलेला राग कोणकोणत्या वाटांनी गेला याचा.

रागाला कारणे होती. लडाखच्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याची गोष्ट संसदेपुढे आली ती १९५९ च्या ऑगस्टमध्ये. त्याच महिन्यात लाँगजू येथे, तर ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत आपल्या जवानांचे रक्त सांडले. लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी त्याच वर्षी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला आणि पंतप्रधानांच्या आग्रहावरून तो मागे घेतला. तेव्हा २० ऑक्टोबर १९६२ रोजी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही आघाड्यांवर चिनी हल्ला झाला, तो आकाशातून कोसळल्यासारखा नव्हता. महिनाभरात से ला आणि बोमदिला पडले. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह आणि त्यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या तुकडीने जवळजवळ अखेरच्या माणसापर्यंत झुंज दिली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. सरकारी आकड्यांनुसार आपले १३८३ सैनिक मारले गेले आणि १६९६ बेपत्ता झाले.

आता या रागाची पहिली वाट पाहू. युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन लवकर बोलवावे, अशी मागणी जनसंघाचे तरुण राज्यसभा सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी केली आणि पंडित नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. त्याच्या आदल्याच दिवशी कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले होते. त्यांच्याविरुद्ध सर्वांत परिणामकारक आवाज उठला तो विरोधी बाकांवरून नव्हे. पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षातील खासदारांनीच त्यांना ठेवणे अशक्य करून टाकले. गुप्त बैठक भरवावी, अशी एक सूचना आली असता नेहरूंनी ती नाकारली. चर्चा उघडपणे झाली, शंभराहून अधिक सदस्य बोलले आणि १४ नोव्हेंबर रोजी आक्रमकाला हुसकावून लावण्याचा निर्धार संसदेने व्यक्त केला. सैन्य माघार घेत असताना सरकारचे वाभाडे सभागृहात निघत होते, आणि तेच सभागृह सैन्याच्या पाठीशी एकमुखाने उभे राहत होते. या दोन गोष्टींत विरोध आहे असे तेव्हाच्या सदस्यांना वाटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

२१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. त्या वाक्याचा अभिमान मलाही आहे. परंतु चव्हाणांची खरी कामगिरी त्या रूपकाहून कोरडी आणि म्हणूनच मोठी होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमींद्रसिंह भगत यांनी पराभवाची चौकशी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी तिचे निष्कर्ष लोकसभेपुढे मांडले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची व्यवस्था, जवानांची शारीरिक तयारी आणि सेनाधिकाऱ्यांची क्षमता, अशा मुद्द्यांवर ते बोलले. म्हणजे त्यांनी ‘काय चुकले’ या प्रश्नाचे उत्तर दिले. डोंगरी युद्धासाठी खास डिव्हिजन उभ्या राहिल्या, सैन्याची फेरबांधणी झाली. मूळ अहवाल मात्र गुप्त राहिला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला, पण सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर कुलुपात राहते, त्याची जागा अफवा आणि पक्षीय प्रचार घेतात. १९६२ विषयी आजही तेच चालले आहे.

पक्षांनी आपापले भांडण सोडले नाही, पण त्याला रीत होती. १९६३ च्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी हे सरकारचे तीन कडवे टीकाकार लोकसभेत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पराभव होणार हे मांडणाऱ्यांना ठाऊक होते. तरी चार दिवस पंतप्रधानांना ऐकून घ्यावे लागले आणि उत्तर द्यावे लागले. दक्षिणेत अण्णादुराईंच्या द्रविड मुन्नेत्र कळघमने युद्धकाळात सरकारला पाठिंबा दिला आणि वेगळ्या राष्ट्राची मागणी सोडली. पक्ष मोडला नाही, मतभेद संपला नाही. त्याची कुंपणे तेवढी बदलली.

दुसरी वाट काळोखी होती. २६ ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली गेली आणि भारत संरक्षण कायद्याचा अंमल सुरू झाला. कम्युनिस्ट पक्षात चीनविषयी खरेच दुही होती. कॉम्रेड डांगे अध्यक्ष असलेल्या त्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबरला बहुमताने चिनी आक्रमणाचा निषेध करून देशाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला. एका गटाला तो मान्य नव्हता. या वैचारिक भांडणाचा निकाल वादातून लागायला हवा होता. परंतु काही शहरांत पक्षाच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले आणि युद्ध थांबले त्याच दिवसापासून ज्योती बसूंसह अनेकांची विनाचौकशी धरपकड झाली. युद्धबंदीनंतर धरपकड, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९६४ मध्ये तो पक्ष दुभंगला.

युद्ध महिनाभर चालले. त्याच्या नावाने पुकारलेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ चालली. या काळातील एक खटला मराठीच्या प्राध्यापकाला विसरता येणे शक्य नाही. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी एक मराठी पुस्तक लिहिले. ते क्रांतीवर नव्हते, चीनवर नव्हते. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ते पाहिले आणि त्यात केवळ विज्ञान आहे, असा निर्वाळा दिला. तरी सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी सांगितले की, स्थानबद्धाचेही जे स्वातंत्र्य नियमांनी काढून घेतलेले नाही, ते सरकारला मनमानीने काढून घेता येत नाही. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपल्या सैन्याने लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडली होती. एका युद्धाच्या ऐन धामधुमीत सर्वोच्च न्यायालयाने मूलकणांवरचे एक मराठी हस्तलिखित तुरुंगातून सोडविले. त्या निकालाने सैन्याचा एक बुरूजही ढासळला नाही.

ज्यांना पक्ष नव्हता, सभागृहात आवाज नव्हता आणि न्यायालयापर्यंत पोहोचण्याचे बळही नव्हते, त्यांचे काय झाले? आसामातील मकूम, दार्जिलिंग आणि इतर ठिकाणच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. इंग्रजांनी १९४१ मध्ये जयप्रकाश नारायणांसारख्या देशभक्तांना जेथे डांबले होते, तीच ही देवळी. या माणसांपैकी अनेकांचा जन्म भारतातला होता. काहींनी चीन कधी पाहिलाही नव्हता. कित्येकांची घरेदारे, दुकाने गेली. काही वर्षांनुवर्षे अडकून पडले, काहींची रवानगी चीनला झाली. त्यांच्यावर आरोपच ठेवलेले नव्हते, मग ते सिद्ध कोठून होणार? असमिया लेखिका रीता चौधरी यांनी २०१० मध्ये ‘मकाम’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा पुष्कळ भारतीयांना ही हकीकत प्रथमच कळली.

मित्रहो, ही गोष्ट मी आपल्यासमोर मुद्दाम सांगतो आहे. आपले पूर्वज होळकरशाहीत माळव्यात आले. आपण पिढ्यान्‌पिढ्या घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलत आलो. आपल्या निष्ठेविषयी येथे कोणी शंका घेतली नाही, हे आपले भाग्य आणि या भूमीचे औदार्य. परंतु आडनावावरून, चेहऱ्यावरून किंवा घरातल्या भाषेवरून माणसाची निष्ठा ठरविण्याचा रिवाज एकदा रूढ झाला, की तो कोणाच्या दारापाशी थांबेल, हे सांगता येत नाही. मकूमच्या माणसाचे दुःख कळायला आपल्याइतका जवळचा वाचक दुसरा नाही.

त्याच काळाचे एक गाणे आपल्या सर्वांच्या कानात आहे. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लिहिले बडनगरच्या कवी प्रदीप यांनी, त्याला चाल दिली पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत ते गायिले इंदूरमध्ये जन्मलेल्या लता मंगेशकरांनी. माळव्याने आणि महाराष्ट्राने मिळून देशाला दिलेले हे शोकगीत आहे. ते मृतांना आठवायला सांगते; कोणाचा द्वेष करायला सांगत नाही. पराभवाच्या दुःखाला असाही आवाज देता येतो.

देशप्रेम आणि पक्षाभिमान यांत युद्धकाळी सरमिसळ होते, ती दोन्हीकडून होते. सत्ताधाऱ्याला आपल्यावरची टीका देशावरची वाटू लागते, आणि विरोधकाला देशाची हानी ही आपल्या पक्षाची संधी वाटू लागते. दोघांनाही वेळीच आवरायचे तर प्रश्न विचारण्याची सवय शांततेच्या काळातच लागली पाहिजे. ती लावण्याचे ठिकाण शाळा हेच आहे. म्हणून येथील शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्गात पानिपत शिकवाल किंवा १९६२ शिकवाल, तेव्हा फितुराचे नाव विचारणाऱ्या मुलाला रागावू नका. त्याला दुसरा प्रश्न विचारायला शिकवा. फितुराचे नाव कळल्याने खिंड राखली जात नाही. काय चुकले हे कळले, तर पुढच्या वेळी तिथे उभ्या राहणाऱ्या जवानाच्या पायात बर्फात चालेल असा बूट असतो.