‘कृष्णा’ हें नांव कोणाचें ?

वर्गांत हजेरी घेतांना आमची एकदां फसगत झाली. रोमन लिपींतील यादींत ‘कृष्णा’ हें नांव वाचून आम्हीं मागच्या बांकांकडे पाहिलें, आणि ‘हजर’ हा आवाज आला तो पुढच्या, विद्यार्थिनींच्या रांगेंतून ! तेव्हांपासून हें नांव पुरुषाचें कीं स्त्रीचें, या प्रश्नानें आमची पाठ सोडलेली नाहीं.

संस्कृताला विचारल्यास उत्तर सरळ आहे. अकारान्त कृष्ण पुरुष, आकारान्त कृष्णा स्त्री. पण मराठींत अन्त्य ‘आ’ ही बहुधा पुरुषाची खूण. घोडा, मुलगा, तसाच कान्हा, गोविंदा आणि कृष्णाही. म्हणून स्त्रीच्या नांवापुढें आपण ‘बाई’ लावून संशय फेडतों. वाईकर तर नदीलाही कृष्णाबाई म्हणतात व तिचा उत्सव करतात. सारांश, संस्कृत व्याकरणाच्या दारानें आलेली स्त्री आणि मराठी वळणाच्या दारानें आलेला पुरुष, हीं दोघें एकाच शब्दांत येऊन भेटलीं आहेत.

अर्थाचा वाद याहून जुना. महाभारताच्या उद्योगपर्वांत ‘कृषि’ म्हणजे सत्ता व ‘ण’ म्हणजे आनंद, अशी फोड आहे; शान्तिपर्वांत भगवान् स्वतःच सांगतात कीं, आपण काळ्या लोखंडाचा फाळ होऊन भूमि नांगरतों, शिवाय आपला वर्णही काळा, म्हणून कृष्ण. कीर्तनांत आपण ऐकतों तो ‘आकर्षण करणारा’ हा अर्थही याच कृष् धातूचा. भक्तीच्या दृष्टीनें या व्युत्पत्ति गोड आहेत. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र ‘काळा’ हाच मूळ अर्थ आम्ही मानतों. बाल्टिक समुद्राकांठच्या, आतां लुप्त झालेल्या, जुन्या प्रशियन भाषेंत काळ्याला ‘किर्स्नन्’ असा सगोत्र शब्द होता. तेथें ना नांगर, ना आनंद !

येथें एक गोष्ट आमच्या मनाला लागते. पुरुषाचें काळेपण झांकण्यासाठीं एवढी विद्वत्ता खर्ची पडली. यज्ञवेदींतून निघालेल्या कन्येला मात्र ती वर्णानें सांवळी म्हणून कृष्णा म्हटलें, आणि तेवढ्यावर सारे थांबले. वस्तुतः द्रौपदी व याज्ञसेनी हीं नांवें बापाचीं, पांचाली हें देशाचें. त्या मानिनीचें स्वतःचें असें नांव काय तें कृष्णा.

गोव्याकडील व बंगाली लोक कृष्णाचा उच्चार कुष्टो, क्रिष्टो असा करतात, यावरून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत एक तर्क मांडला होता. आभीरांनीं आणलेला बालदेव व ख्रिस्ताचें नांव हीं वासुदेव-कृष्णाशीं मिसळलीं असावींत, असा तो तर्क. कृष्ण हें नांवच ख्रिस्तापासून निघालें, असें डॉक्टरसाहेबांनीं म्हटलें नव्हतें. तो आरोप त्यांच्यावर उगाच येतो. तरीही तर्क आम्हांस पटत नाहीं. ख्रिस्तापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें पतंजलीला मामाशीं वैर करणारा कृष्ण ठाऊक होता. आणि नासिकच्या एकोणिसाव्या लेण्यांतील लेख तर आपल्या दारचा. सातवाहन कुळांतील कन्ह राजाच्या कारकीर्दींत एका महामात्रानें तें लेणें करविलें, असें तो सांगतो. हा कन्ह म्हणजे कृष्णच, आणि काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा.

त्या विद्यार्थिनीला पुढें आम्हीं नांवाचें मूळ विचारलें. तिचें आजोळ वाईचें. नांव नदीवरून ठेवलें, असें ती म्हणाली, आणि मग थोडें थांबून, “द्रौपदीवरून नव्हे हं, असें आजी सर्वांना बजावीत असे.”