माती खाणारा तरुण आणि जस्ताची हकिकत

पुरुषांच्या वंध्यत्वावर विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांचे वेष्टन वाचून पाहा. घटकांच्या यादीत झिंक, म्हणजे आपले जस्त, बहुधा सापडतेच. ते तेथे कसे पोहोचले, याचा माग काढत गेल्यास आपण इराणमधील शिराझ नगरीत जाऊन पोहोचतो.

साल १९५८. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले, पाटण्यास वैद्यक शिकून अमेरिकेत संशोधन केलेले डॉ. आनंद प्रसाद शिराझमध्ये नुकतेच रुजू झाले होते. त्यांच्यापुढे एक विलक्षण रुग्ण आला. वय २१, दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. तीव्र रक्तक्षय, वाढलेले यकृत व प्लीहा, मिसरुडाचा पत्ता नाही आणि जननेंद्रिये बालकाचीच. आहार म्हणजे जवळजवळ निव्वळ गव्हाची बिनखमिराची रोटी. शिवाय रोज सुमारे अर्धा किलो माती खाण्याची सवय! थोड्याच काळात असे आणखी दहा रुग्ण आढळले.

रक्तक्षयाचे कारण लोहाचा अभाव, हे उघड होते. परंतु लोहाअभावी वृषणांची वाढ खुंटते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत कधी दिसले नव्हते. जस्ताअभावी उंदरांची वाढ थांबते, हे मात्र १९३४ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणून १९६१ च्या निबंधात प्रसादांनी जस्ताची शंका मांडली. अनेकांना ती पटली नाही. जस्त सर्वत्र असते, मग माणसाला त्याची उणीव कशी भासावी? उत्तर त्या रोटीतच होते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला जखडून ठेवते आणि ते आतड्यात शोषले जात नाही. पीठ आंबवले की फायटेट घटते. येथे ते आंबवलेलेच नव्हते.

पुरावा मिळाला इजिप्तमध्ये. तेथील खेड्यांत अशीच खुरटलेली मुले होती. ती माती खात नव्हती, पण त्यांच्या रक्तात व केसांत जस्त कमी आढळले. जस्त देताच त्यांची उंची वर्षाला पाच-सहा इंचांनी वाढू लागली आणि ३ ते ६ महिन्यांत तारुण्याची लक्षणे प्रकटली. वैद्यकाच्या इतिहासात इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते. तरीही अमेरिकेत जस्ताचे दैनिक प्रमाण अधिकृतपणे ठरायला १९७४ साल उजाडले.

पुढे १९८० मध्ये प्रसाद व सहकाऱ्यांनी पाच पुरुष स्वयंसेवकांचे जस्त काही महिने तोडले. चौघांची शुक्रजंतूंची संख्या घसरली; जस्त पूर्ववत दिल्यावर ती हळूहळू सावरली.

येथवर सारे निर्विवाद. घोटाळा पुढच्या उडीत आहे. उणिवेमुळे बिघडते, म्हणून भर घातल्याने सुधारेल, असे बाजाराने गृहीत धरले. या गृहीतकाची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वंध्यत्वावर उपचार घेऊ पाहणाऱ्या दांपत्यांतील २,३७० पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त व ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिले, उरलेल्यांना औषधहीन गोळी. हे पुरुष काही शिराझच्या रोटीवर वाढलेले नव्हते. गोळी घेणाऱ्या गटात ३४ टक्के दांपत्यांना अपत्य झाले, न घेणाऱ्यांत ३५ टक्के. शुक्रजंतूंची संख्या वा हालचाल सुधारली नाही. उलट त्यांच्या डीएनएची मोडतोड गोळी घेणाऱ्यांतच किंचित अधिक आढळली, आणि पोटाच्या तक्रारीही.