धमनी बंद, शीर खुली
16 एप्रिल 2002, फ्रान्समधील रुआँ शहर. महाधमनीची झडप आकसल्याने 57 वर्षांचा एक रुग्ण मृत्यूच्या दारात होता. शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया नाकारली होती. छाती न उघडता नळीवाटे ही झडप बसवण्याचा प्रयोग तोवर माणसावर झालाच नव्हता. त्यातच मांडीच्या धमन्यांचा सरळ मार्ग रोगाने बंद झालेला. डॉ. आलाँ क्रिबिए यांनी मांडीतील शीर निवडली. उजवे अलिंद, मधला पडदा छेदून डावे अलिंद, मग डावे निलय असा वळसा घेत नवी झडप जागी बसली. रुग्ण सुमारे 4 महिने जगला. मृत्यूचे कारण हृदयाबाहेरचे होते.

पुढे हृदयाचे टोक, खांद्याजवळील आणि मानेतील धमनी अशाही वाटा रूढ झाल्या. पर्यायी मार्गांचा हा इतिहास मात्र पहिल्याच रुग्णापासून सुरू होतो.