तिसऱ्या लेकराचा घास

गरिबाच्या घरी मुले अधिक असतील तर त्याला मिळणारी मदत वाढवावी की रोखावी? हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याचे वय दोनशे वर्षांहून अधिक आहे. ही मदत रोखावी असे ज्यांनी ठामपणे मांडले ते एक धर्मगुरू होते, आणि ती वाढवून दाखवणाऱ्यांत एका कारखान्याचा श्रद्धावंत कॅथलिक व्यवस्थापक होता. ख्रिस्ती कुटुंबांनी हा इतिहास जाणून घ्यावा असा आहे.

१७९५ साली इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई होती, फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि पावाचे भाव कडाडले होते. बर्कशायर परगण्याचे दंडाधिकारी ६ मे रोजी स्पीनहॅमलँड येथे जमले व त्यांनी एक कोष्टक आखले. ठरावीक वजनाचा पाव एक शिलिंगला मिळत असेल, तर कष्टकऱ्याच्या हाती आठवड्याला स्वतःसाठी तीन शिलिंग आणि पत्नी व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग पडावेत. मजुरी अपुरी असेल तर उरलेली रक्कम गरिबांसाठीच्या करातून द्यावी. हा कर तेथे धर्मग्रामवार गोळा होत असे. पाव महागला की मदत वाढे, आणि घरात खाणारी तोंडे जितकी, तितकी ती अधिक असे.

या पद्धतीवर कठोर टीका केली ती थॉमस रॉबर्ट माल्थस यांनी. ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. सरे परगण्यातील ओकवुड येथील छोट्या चॅपेलमध्ये त्यांनी सेवा केली होती. लोकसंख्येवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध १७९८ साली निघाला. अन्न सावकाश वाढते, माणसे झपाट्याने वाढतात. मुलांमागे मदत मिळाली की गरीब ऐपत नसताना लग्न करतात आणि सगळ्यांचीच भाकरी महाग होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८०३च्या विस्तृत आवृत्तीत त्यांनी उपायही सुचवला. कायदा करावा आणि त्यानंतर एक वर्ष उलटल्यावर होणाऱ्या विवाहांतील कोणत्याही मुलाला धर्मग्रामाच्या मदतीवर हक्क नसावा. इतकेच नव्हे, तर वधूवरांची नावे चर्चमध्ये पुकारल्यानंतर धर्मगुरूंनीच त्यांना ही ताकीद वाचून दाखवावी! याच आवृत्तीत त्यांनी जगाला भरलेल्या मेजवानीची उपमा दिली होती. उशिरा आलेल्या गरिबासाठी त्या पंगतीत पान मांडलेले नाही, असा तिचा आशय होता. पुढील आवृत्तीतून त्यांनी हा मजकूर काढून टाकला. शुभवर्तमानात मात्र यजमान रस्त्यावरच्या दीनदुबळ्यांना आग्रहाने पंगतीला बसवतो, हे वाचकांना ठाऊक आहेच.

माल्थस निर्दय नव्हते. आजचा कठोरपणा उद्याचे दुःख टाळील असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. त्यांना स्वतःला तीन अपत्ये होती. पुढे हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात ते जवळजवळ तीस वर्षे प्राध्यापक होते. हिंदुस्थानात कारभार करण्यासाठी येणारे तरुण अधिकारी त्यांच्याच हाताखाली अर्थशास्त्र शिकत.

१८३४ साली इंग्लंडचा गरीब कायदा बदलला. धडधाकट माणसाला घरपोच मदत देण्याऐवजी कुटुंबासह श्रमगृहात धाडावे, असे धोरण आले. तेथे नवरा, बायको व मुले यांना वेगवेगळे ठेवीत. तरीही लोकसंख्या थांबली नाही. इंग्लंड व वेल्स मिळून १८०१ साली सुमारे ८९ लाख लोक होते, ते १८५१ साली सुमारे १ कोटी ७९ लाख झाले. कुटुंबे लहान होऊ लागली ती त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, जेव्हा मुले कारखान्यांऐवजी शाळेत जाऊ लागली होती.

या नव्या कायद्याच्या आदल्याच वर्षी, १८३३ साली, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची स्थापना केली. गरिबाला आपल्या दारी न बोलावता त्याच्या घरी जाऊन त्याची अडचण पाहावी, हा त्या संस्थेचा शिरस्ता.

अशाच घरभेटींतून १९१६ साली फ्रान्समधील ग्रनोबल शहरात एक नवी वाट निघाली. जोया कारखान्याचे व्यवस्थापक एमिल रोमाने यांना दिसले की, एकट्या कामगाराला पुरणारा पगार लेकुरवाळ्याला पुरत नाही. त्यांनी पगाराखेरीज मुलांमागे भत्ता सुरू केला. लगेच एक धोका उभा राहिला: मग मालक अविवाहित कामगारच पसंत करतील! त्यावर तोडगा म्हणून मालकांनी एकत्र येऊन समाईक निधी उभारला आणि भत्ते त्यातून दिले जाऊ लागले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला होता. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली कुटुंबाच्या भाराप्रमाणे वेतन वाढवणाऱ्यांची प्रशंसा केली. १९३२ साली फ्रान्समध्ये या भत्त्याचा कायदा झाला. त्यामागे केवळ दया होती असे समजू नये. सरसकट पगारवाढ टाळावी हा मालकांचा हिशेब होता आणि घटत्या जन्मदराची राष्ट्राला चिंता होती.

इंग्लंडमध्ये एलिनॉर रॅथबोन यांनी याच मागणीसाठी हयात वेचली. १९४५ साली कायदा झाला आणि पहिल्या मुलानंतरच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. ही रक्कम आईच्याच हाती पडावी म्हणून त्या अखेरपर्यंत झुंजल्या. ऑगस्ट १९४६मध्ये वाटप सुरू झाले. त्यापूर्वीच, जानेवारीत, त्यांचे निधन झाले होते.

त्याच देशात ६ एप्रिल २०१७पासून उलट नियम आला. त्या दिवसानंतर जन्मलेल्या तिसऱ्या व पुढच्या मुलासाठी गरीब कुटुंबाला मिळणारे साहाय्य, काही अपवाद वगळता, बंद झाले. काम करून पोट भरणाऱ्यांना मुलांचा विचार खर्च पाहून करावा लागतो, तोच इतरांनी करावा, असे सरकारचे म्हणणे होते. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. परंतु या नियमाची झळ बसलेल्या अनेक घरांत आईवडील नोकरी करीतच होते. शिवाय चांगल्या दिवसांत जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचा बाप उद्या वारला किंवा त्याची नोकरी गेली, तर त्या आईने काय करावे? २०२४पर्यंत सुमारे १६ लाख मुलांच्या घरांना हा फटका बसला होता. जन्मदर मात्र अगदी किरकोळ घटल्याचे अभ्यासकांना आढळले. अखेर नोव्हेंबर २०२५च्या अंदाजपत्रकात, एप्रिल २०२६पासून ही मर्यादा उठवण्याचे जाहीर झाले.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७च्या मातृवंदना योजनेने तो लाभ पहिल्या अपत्यापुरता ठेवला, आणि २०२२पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच तिच्यासाठी तो मिळू लागला. तिसऱ्या बाळंतपणात मातेला पोषण कमी लागते असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रात तर २०१९–२१च्या राष्ट्रीय पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत.

उलट बाजूही पाहावी. २०२१ साली केरळमधील पाला धर्मप्रांताने पाच वा अधिक मुले असलेल्या कुटुंबांना दरमहा १,५०० रुपये देऊ केले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. गरजूला मदत होते ती उत्तमच. पण मदतीचा हेतू समाजाची संख्या वाढवणे हा असू नये. पोप पॉल सहावे यांनी १९६७ साली लोकसंख्येच्या प्रश्नात शासनाला नीतीच्या मर्यादेत स्थान आहे हे मान्य केले, आणि किती मुले असावीत हा निर्णय आईवडिलांनी देवासमोर, जबाबदारीने घ्यावा, असे सांगितले. अपत्यांचा विचार आईवडिलांशी करायचा असतो, तोही जन्माआधी. जन्मलेल्या बाळाशी आपला एकच व्यवहार उरतो: त्याला खाऊ घालणे.

हे आपल्या धर्मग्रामालाही लागू आहे. चौथ्या मुलाचा स्नानसंस्कार असला की मागच्या बाकांवर कुजबुज होते. शाळेच्या फीसाठी अर्ज आला की ‘एवढी मुले कशाला?’ असा शेरा ऐकू येतो. यंदा असे अर्ज येतील तेव्हा आपल्या व्हिन्सेंट डी पॉल शाखेच्या सभासदांनी आधी त्या घरी जाऊन यावे, चुलीवर काय शिजते ते पाहावे आणि मगच रकमेचा आकडा लिहावा.